मेलेली मुलगी डेला नव्हती : ‘प्राइम सस्पेक्ट’मधल्या पहिल्या तपासाचा अभ्यास

लंडनमधली एक भाड्याची खोली. आत एका तरुणीचा मृतदेह. हातांवर बांधल्याच्या खुणा, अंगावर जखमाच जखमा, चेहरा मारहाणीने ओळखू न येण्याइतका बिघडलेला. खोली डेला मॉर्ने नावाच्या मुलीची. धंदा करणारी म्हणून पोलिसांना माहीत असलेली. तपास अधिकारी डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर (डीसीआय) जॉन शेफर्ड मृतदेह बघतो आणि सांगतो, ही डेलाच. तशी नोंद होते. मृतदेहावरच्या नमुन्यांचा डीएनए जॉर्ज मार्लो नावाच्या माणसाशी जुळतो. मार्लोने बलात्काराच्या प्रयत्नाबद्दल पूर्वी शिक्षा भोगलेली असते. त्याला घरातून उचलून आणतात. शेफर्डची सगळी टीम खुशीत. गुन्हा, आरोपी, पुरावा, सगळं हाताशी. आता रीतसर आरोप ठेवायचा एवढंच बाकी. आणि त्याच वेळी शेफर्डला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो मरतो.

‘प्राइम सस्पेक्ट’ ही ब्रिटिश मालिका 7 आणि 8 एप्रिल 1991 रोजी दोन भागांत आयटीव्ही या वाहिनीवर दाखवली गेली, तेव्हा तिची सुरुवात ही अशी होती. निर्मिती ग्रॅनाडा टेलिव्हिजनची, लेखन लिंडा ला प्लांट यांचं, दिग्दर्शन क्रिस्टोफर मेनॉल यांचं. शेफर्डच्या जागी येणाऱ्या डीसीआय जेन टेनिसनच्या भूमिकेत हेलन मिरेन. पुढे 2006 पर्यंत या मालिकेची एकूण सात पर्वं झाली आणि पहिल्या तीन पर्वांसाठी मिरेन यांना लागोपाठ तीन वर्षं बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. मालिकेबद्दल बोलताना लोक बहुधा एकच गोष्ट सांगतात : पुरुषांच्या ठाण्यात एक बाई साहेब होऊन येते आणि सगळ्यांना पुरून उरते. हे खोटं नाही. पण एवढंच सांगितलं तर कथेतला तपास नुसता पार्श्वभूमीला टांगलेला पडदा ठरतो. मला उलट वाटतं. पहिल्या पर्वातली केस नीट, कागद उलटत वाचली तर दिसतं की टेनिसनला मिळणारी वागणूक आणि मृतदेहाची चुकलेली ओळख ही एकाच दोषाची दोन रूपं आहेत. म्हणून इथे अभ्यासायची आहे ती फाइल. (शेवट सांगितल्याशिवाय हा अभ्यास होणार नाही. मालिकेला तीस वर्षं उलटून गेली आहेत, तेव्हा रहस्यभंगाची तक्रार कोणी करू नये.)

टेनिसन ज्या पद्धतीने ही केस मिळवते ती काही शोभिवंत नाही. शेफर्ड गेल्याची बातमी ताजी असतानाच ती वरिष्ठाच्या, सुपरिंटेंडंट मायकल कर्ननच्या दारात उभी राहते : ही केस मला द्या. खुनाच्या तपासाचं नेतृत्व करण्याच्या हुद्द्यावर असूनही आजवर तिला डावलून प्रत्येक खून दुसऱ्या कुणाकडे गेलेला असतो. कर्ननला ती नकोच असते, पण नाही म्हणायला नियमात बसणारं कारण त्याच्याकडे नसतं. ला प्लांट यांची लेखणी इथेच निराळी वाटते. नायिकेबद्दल आपल्याला सहानुभूती वाटावी म्हणून त्यांनी तिला दोन दिवस थांबवलं असतं, डोळे पुसायला लावले असते, तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी तसं केलेलं नाही. दोस्त गमावलेल्या माणसांच्या नजरेतून पाहिलं तर टेनिसन खरोखरच निर्दय वाटते. शेफर्डचा जिवलग, सार्जंट बिल ऑटली (टॉम बेल यांनी हे पात्र असं काही वठवलंय की त्याच्या गप्प बसण्यातूनही विष पाझरतं) तिच्यावर दात धरतो त्याला निव्वळ स्त्रीद्वेष म्हणून मोकळं होता येत नाही. त्यात खरं दुःखही आहे. आणि आणखी काहीतरी आहे, ते नंतर कळतं.

टेनिसनच्या हातात येते ती जवळजवळ पूर्ण झालेली फाइल. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. यशही पदरात पडलं असतं आणि टीमही खूश राहिली असती. ती मात्र पहिल्या पानापासून वाचायला लागते. जबाब, फोटो, प्रयोगशाळेचे अहवाल, मृत मुलीच्या वस्तू. आणि तिच्या लक्षात येतं की डेला मॉर्नेबद्दल जे माहीत आहे ते आणि समोरचा मृतदेह यांचा मेळ बसत नाही. मेलेली मुलगी डेला नव्हतीच. ती होती कॅरन हॉवर्ड. चांगल्या, वजनदार घरातली तरुणी.

या चुकीपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. बेवारस किंवा विद्रूप मृतदेहाची ओळख पटवण्याची रीत कुठल्याही देशात साधारण सारखीच असते. नातलग, दातांची नोंद, बोटांचे ठसे, अंगावरच्या खुणा, आणि हे सगळं तपास अधिकाऱ्याहून वेगळ्या कुणाकडून. आपल्याकडेही मरणोत्तर पंचनाम्याला पंच लागतात ते याचसाठी. इथे काय झालं? तपास अधिकारी स्वतःच ओळख पटवणारा साक्षीदार झाला. खोली डेलाची, तेव्हा मुलगी डेलाच असणार, आणि साहेब म्हणताहेत की मी तिला ओळखत होतो. मग प्रश्न कोण विचारणार? आणि साहेब तिला ओळखत कसे होते, हा प्रश्न तर त्याहून कुणी विचारणार नव्हतं. डेला शेफर्डची खबरी होती, आणि नुसती खबरी नव्हती. ऑटलीला हे माहीत होतं. मेलेल्या दोस्ताची अब्रू आणि त्याच्या बायकामुलांची लाज राखायची म्हणून तो डेलाची डायरी दडवून ठेवतो. म्हणजे एका खुनाच्या तपासातला पुरावा एक पोलीसच लपवतो, आणि तेही वाईट माणूस म्हणून नव्हे, चांगला मित्र म्हणून.

हे ध्यानात घेतलं की टेनिसनचं परकेपण वेगळं दिसायला लागतं. ती दारू प्यायला त्यांच्यात बसत नाही, शेफर्डच्या घरी तिचं जाणं-येणं नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचं कुठलंही ऋण तिच्या डोक्यावर नाही. तिला वगळणाऱ्या टोळीनेच तिला फाइल कोऱ्या नजरेने वाचण्याची सोय करून दिली. ती बाई आहे म्हणून तिला काही अंतर्ज्ञान झालं असं मालिका कुठेही सुचवत नाही, हे फार बरं आहे. अंतर्ज्ञानाने खुनी ओळखणाऱ्या बायका रहस्यकथांत पुष्कळ आहेत. टेनिसन फक्त वाचते. ठाण्यात तिच्या शब्दाला वजन नाही. वजन आहे ते कागदाला, म्हणून ती कागद हातात घेऊन बोलते.

ओळख चुकल्याचं उघड करून तिच्या पदरात पडतं काय? संशयित सुटतो. शेफर्डने रचलेली केस डेलाच्या खुनाची होती. मेलेली मुलगीच वेगळी निघाल्यावर ती रचना ढासळते, आणि मार्लोला आत ठेवण्याइतकं हातात काही उरत नाही. टीमच्या दृष्टीने चित्र असं : आमच्या साहेबांनी पकडलेला खुनी या बाईने सोडून दिला.

इथे ब्रिटिश कायद्याची घड्याळं समजून घेतली तर ताण नीट कळतो. 1984 च्या पोलीस आणि गुन्हेगारी पुरावा कायद्यानुसार अटक केलेल्या माणसाला आरोप न ठेवता 24 तास ठेवता येतं. गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंटच्या परवानगीने 36 तास. त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्याकडून मुदत वाढवून घेत जास्तीत जास्त 96 तास. एवढ्यात आरोप ठेवा नाहीतर सोडा. आपल्याकडची चाल वेगळी. 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, मग कोठडी घ्यायची, आणि आरोपपत्राला 60 किंवा 90 दिवस. मराठी प्रेक्षकाला म्हणूनच प्रश्न पडतो की एवढी घाई कशाला, आणखी चार दिवस कोठडी मागा की. ती सोय तिथे नाही. शेफर्डच्या धांदलीमागे हे घड्याळ आहे, आणि मार्लोला सोडण्यामागेही तेच. पोलीस कार्यपद्धतीवर बेतलेल्या मालिकांत नियम बहुतेकदा नायकाच्या वाटेतला धोंडा असतो, तो झुगारून दिला की न्याय मिळतो. इथे नियम झुगारणारा शेफर्ड चुकतो आणि नियम पाळणारी टेनिसन शिव्या खाते.

डीएनएबद्दलही मालिका तिच्या काळाच्या मानाने बरीच शहाणी आहे. डीएनएच्या आधारे खुन्याला शिक्षा होण्याची पहिली घटना इंग्लंडचीच : लेस्टरशरमध्ये दोन शाळकरी मुलींच्या खुनांबद्दल कॉलिन पिचफोर्कला 1988 मध्ये जन्मठेप झाली. त्याच प्रकरणात आधी गुन्हा कबूल केलेला एक तरुण डीएनएमुळेच निर्दोष ठरला होता, हे तितकंसं लक्षात राहत नाही. राष्ट्रीय डीएनए संग्रह 1995 मध्ये सुरू झाला. म्हणजे 1991 च्या प्रेक्षकाला डीएनए जुळला हे शब्द जवळजवळ दैवी कौलासारखे वाटत असणार. आपण ‘सीआयडी’तल्या डॉक्टर साळुंख्यांच्या प्रयोगशाळेवर वाढलेली माणसं, तिथून आलेलं उत्तर म्हणजे अंतिम. इथे प्रयोगशाळेचं उत्तर अचूक आहे, आणि तरी ते शेफर्डला चुकीच्या जागी नेऊन सोडतं. मार्लो सरळ सांगतो : हो, ती मुलगी गाडीत बसली, मी पैसे दिले, संबंध ठेवला, मग तिला सोडलं. डीएनएने संबंध सिद्ध केला, खून नाही. मधलं अंतर तपासाने भरायचं असतं, आणि ते भरायच्या आधीच शेफर्ड जिंकल्यासारखा वागत होता.

मग खरी डेला कुठे? तीही मेलेली सापडते, कॅरनच्या आधीच मारलेली. आणि इथून टेनिसनच्या कामाचा सगळ्यात वेळखाऊ, मला सगळ्यात आवडणारा भाग सुरू होतो. मार्लो रंगांचा विक्रेता. कामानिमित्त गावोगाव हिंडणारा. त्याच्या फिरतीच्या वाटेवर जुन्या, न सुटलेल्या केसेस आहेत का? दंडांवर तशाच खुणा, तसेच बांधलेले हात? टीम जुन्या फायली उकरते, उत्तर इंग्लंडात जाते, धंद्यातल्या बायकांशी बोलते. जीनी शार्प नावाच्या एका बाईचा न सुटलेला खून सापडतो, मग आणखी. या बायका मेल्या तेव्हा त्यांच्यासाठी कुणी फार धावपळ केलेली नसते. टेनिसन त्यांच्या मैत्रिणींजवळ बसते, ऐकते, आणि त्यांना घाईने गुंडाळत नाही. या दृश्यांत नाट्य जवळजवळ नाही. माहितीचा एखादा तुकडा मिळतो, कधी तोही नाही.

हा भाग हवेतून आलेला नाही. तो पाहणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश माणसाच्या मनात यॉर्कशर रिपरचं प्रकरण असणारच. पीटर सटक्लिफने 1975 ते 1980 या काळात 13 बायका मारल्या. पोलिसांनी त्या काळात त्याची नऊ वेळा चौकशी केली आणि नऊ वेळा सोडला. लाखो कार्डांची हाताने लावलेली नोंद, एका कार्डावरचं नाव दुसऱ्यावरच्या नावाशी कुणी जुळवायचं? त्यात 1979 मध्ये कुणीतरी स्वतःला खुनी म्हणवणारी ध्वनिफीत पाठवली. तिच्यातल्या बोलीवरून तपास भलत्याच भागाकडे वळला. आणि या सगळ्याच्या तळाशी एक वर्गवारी होती. मेलेल्या बायकांपैकी काहींना पोलीस आणि वर्तमानपत्रं ‘निष्पाप’ म्हणत होती, म्हणजे उरलेल्या काय होत्या ते न सांगताच कळत होतं. सटक्लिफ सापडला तो जानेवारी 1981 मध्ये, गाडीला खोटी नंबरप्लेट लावल्यामुळे. त्या फजितीनंतर मोठ्या तपासांसाठी ‘होम्स’ नावाची संगणक प्रणाली आली. ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये कॅरन हॉवर्ड मेली हे कळताच वरून फोन यायला लागतात, तिच्या वडिलांच्या ओळखी कामाला लागतात. डेलासाठी असा एकही फोन आलेला नसतो. ला प्लांट यावर भाष्य करत बसत नाहीत. दोन मृतदेहांसाठी ठाण्याचा वेग किती बदलतो एवढं दाखवतात.

जॉर्ज मार्लो (जॉन बोव) हा सभ्य, हसरा, आईची काळजी घेणारा माणूस. मार्लोचं घर सांभाळणारी मोयरा हेन्सन (झोई वानामेकर) त्याची बायको नाही, पण बायकोसारखीच. खुनाच्या रात्री तो घरीच होता, ही तिची साक्ष. ती पोलिसांवर खेकसते, टेनिसनला तर तुच्छ लेखते. ही साक्ष मोडल्याशिवाय केस उभी राहत नाही. टेनिसन तिला धमकावत नाही. मेलेल्या बायकांचे फोटो समोर येतात, दंडांवरच्या त्या खुणा येतात, आणि मोयराला कळतं की या खुणा तिला माहीत आहेत. तिच्या स्वतःच्या अंगावरून माहीत आहेत. वानामेकर यांचा चेहरा त्या दृश्यात जे करतो त्याचं वर्णन करायच्या भानगडीत मी पडत नाही.

तपास म्हणून पाहिलं तर मात्र हा सांधा कच्चा आहे. मार्लोच्या भाड्याच्या गॅरेजचा शोध, गायब झालेली गाडी, तिथे सापडलेली छळाची सामग्री, हे सगळं पाळत ठेवून, पायपीट करून मिळवलेलं आहे आणि पटतं. मोयराचं कोसळणं मात्र लेखिकेला हव्या त्या वेळी होतं. त्याच्यासोबत इतकी वर्षं काढलेल्या बाईला फोटो बघेपर्यंत काहीच जाणवलं नव्हतं? की जाणवलं होतं आणि तिने ते पुरून टाकलं होतं? दुसरी शक्यता जास्त भयंकर आणि जास्त खरी वाटते, पण मालिका तिथे रेंगाळत नाही.

दुसरी तक्रार घरच्या प्रसंगांबद्दल. टेनिसनचा जोडीदार पीटर (टॉम विल्किन्सन) चांगला माणूस आहे. त्याचे व्यवसायातले पाहुणे जेवायला येणार, स्वयंपाक ती करणार, आणि ती उशिरा पोचते. भांडण होतं, पुढे तो निघून जातो. पुरुष अधिकाऱ्याच्या कथेत हाच प्रसंग अर्ध्या मिनिटात आटोपला असता. इथे तो किंमत म्हणून मोजून दाखवला जातो आणि नंतरच्या कित्येक मालिकांनी त्याचा साचा करून टाकला : हुशार स्त्री अधिकारी म्हणजे मोडकं घर, सिगारेट, एकटेपण. 1991 मध्ये तो साचा नव्हता हे खरं, पण आज पाहताना तो भाग चपटा वाटतो. शिवाय बायकांच्या मृतदेहांकडे कॅमेरा जितका वेळ बघतो तितक्या वेळाची गरज होती का, हाही प्रश्न आहेच.

टेनिसन आली कुठून? ला प्लांट आधी अभिनेत्री. 1983 मधल्या ‘विडोज’ने लेखिका म्हणून त्यांचं नाव झालं. लंडनच्या पोलीस दलात स्त्री डीसीआय त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांच्यापैकी एक जॅकी मॉल्टन. ला प्लांट त्यांच्यासोबत राहिल्या, ठाणं कसं चालतं ते त्यांनी पाहिलं. मॉल्टन यांनी पुढे दूरचित्रवाणीसाठी सल्लागार म्हणूनही काम केलं. ब्रिटिश छोट्या पडद्यावर स्त्री पोलीस अधिकारी त्याआधी नव्हत्या असं नाही. ‘द जेंटल टच’ आणि ‘ज्युलिएट ब्राव्हो’ दोन्ही 1980 च्या. पण खरा भडका बाहेर, प्रत्यक्ष दलात चालू होता. मर्सीसाइडच्या असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल ॲलिसन हॅलफर्ड यांनी, बढतीसाठी वारंवार डावलल्याबद्दल, 1990 मध्ये लिंगभेदाची तक्रार गुदरली होती. ते प्रकरण तडजोडीने मिटलं 1992 मध्ये. म्हणजे मालिका दाखवली गेली तेव्हा ती तक्रार लटकलेलीच होती. इंग्लंडमध्ये स्त्री चीफ कॉन्स्टेबल व्हायला 1995 उजाडलं.

आपल्याकडे त्याच सुमाराला, 1989 मध्ये, दूरदर्शनवर कविता चौधरींची ‘उडान’ आली होती. ती त्यांच्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून सुचलेली. त्याच पुढे 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री महासंचालक. ‘उडान’चा सगळा जोर मुलीने त्या गणवेशापर्यंत पोचण्यावर होता. गणवेश चढवल्यानंतर टेबलावर येणारी फाइल, खालच्यांची अवज्ञा, प्रयोगशाळेचा उशीर, हे आपल्या पडद्यावर तपशिलात यायला ‘दिल्ली क्राइम’ची, 2019 ची, वाट पाहावी लागली. तिथली डीसीपी वर्तिका चतुर्वेदी (शेफाली शाह) मात्र टेनिसनच्या उलट टोकाला आहे. तिची टीम तिच्या शब्दाखातर रात्रंदिवस राबते. तिच्या विरोधात आहेत ते वरचे आणि बाहेरचे. टेनिसनला खालून लढावं लागतं. ऑटलीचा कारस्थानीपणा, काम टाळणं, माहिती उशिरा देणं, हे सगळं नोकरीत राहिलेल्या कुणालाही ओळखीचं आहे, मग खातं कुठलंही असो.

टीम बदलते ती भाषणाने नाही. टेनिसन एकदाही त्यांना समजावायला जात नाही. डायरीचं प्रकरण बाहेर येतं, ऑटलीची बाजू लंगडी पडते, आणि बाकीच्यांना हळूहळू दिसतं की या बाईच्या हाताखाली केस पुढे सरकते आहे. पोलिसांना केस सुटण्याची चटक असते. ती पुरवणाऱ्याला ते शेवटी आपलं म्हणतात. हे काही हृदयपरिवर्तन नव्हे, आणि मालिका तसा आव आणत नाही.

मार्लो शेवटी चौकशीच्या खोलीत कबुली देतो. ठाण्यात जल्लोष, टेनिसनला फुलं. आणि मग न्यायालय. मार्लो उभा राहतो आणि आरोपांवर उत्तर देतो : निर्दोष. तिथे पहिलं पर्व संपतं.

भारतीय वाचकाने या शेवटाचा नीट विचार केला तर गंमत दिसते. आपल्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं 25 वं कलम, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातलं 23 वं. तो 1872 चा कायदा लिहिला इंग्रजांनीच, फित्झजेम्स स्टीफन यांनी, आणि इथल्या पोलिसांवर विश्वास नको म्हणून घातलेलं हे कलम त्यांनी स्वतःच्या देशात कधी लावलं नाही. तिथे योग्य रीतीने घेतलेली, ध्वनिमुद्रित कबुली न्यायालयात चालते. म्हणून टेनिसनच्या टीमला फुलं आणायचा हक्क होता. आपल्या न्यायालयात त्या कबुलीची किंमत शून्य. उरलं असतं ते गॅरेज, गाडी, वेगवेगळ्या गावांतल्या बायकांच्या दंडांवरच्या सारख्या खुणा, आणि मोयराची फिरलेली साक्ष. तेवढ्यावर शिक्षा व्हायला हरकत नव्हती. पण बचावाच्या वकिलाने मोयराला उलटतपासणीत सोडलं नसतं, हेही नक्की.

मार्लोचं ते ‘निर्दोष’ मालिकेने सोडून दिलं नाही. 1995 मध्ये चौथ्या पर्वातल्या ‘सेंट ऑफ डार्कनेस’ या कथेत मार्लो तुरुंगात आहे (या वेळी भूमिकेत टिम वुडवर्ड), अजूनही आपण निरपराध असल्याचं सांगतो आहे, त्याची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं गेलं आहे. आणि बाहेर अगदी त्याच पद्धतीने खून व्हायला लागतात. खुनी बाहेर असेल तर टेनिसनने चुकीचा माणूस आत घातला का? एकेकाळी शेफर्डची फाइल तिने उघडली होती. आता वरिष्ठ तिची उघडतात. ती ऐकत नाही, स्वतःच शोधायला निघते, निलंबित होते. शेवटी सापडतो तो मार्लोच्या प्रभावाखाली आलेला तुरुंगातलाच एक कर्मचारी. मार्लोचा गुन्हा कायम राहतो. या कथेसाठी मिरेन यांना 1996 मध्ये एमी हा अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला.